स्वस्तातले वायरवाले इअरफोन : निवडायचे कसे, कानात बसवायचे कसे, पारखायचे कसे

ब्लूटूथवाल्या बड्सचा एक कान दादरच्या पुलावर पडला, दुसऱ्या जोडीची बॅटरी वर्षभरात बसली आणि आता तिसरी जोडी घ्यायला मन धजत नाही, अशा अवस्थेतली बरीच मंडळी पुन्हा वायरकडे वळताना दिसतात. चार्जिंगची कटकट नाही, जोडणी तुटत नाही आणि पैसेही कमी. पण वायरवाल्यांच्या बाजारात दहा वर्षांत इतकं काही बदललंय, की शंभर रुपयांच्या पाकिटापासून दोन हजारांच्या डबीपर्यंत नेमका फरक काय, हे दुकानदारालाही धड सांगता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या किमतीत 'आवाज वाईट आहे' म्हणून जी तक्रार होते, तिच्यात इअरफोनचा दोष बऱ्याचदा नसतोच. इअरफोनच्या तोंडावरचं रबर कानात नीट बसलेलं नसतं, नाहीतर पिन फोनमध्ये पूर्ण गेलेली नसते. म्हणून खरेदीबद्दल थोडं आणि बसवण्या-तपासण्याबद्दल जास्त लिहिलंय.

हाताशी काय ठेवायचं

- ज्या फोनवर रोज ऐकणार तोच फोन, कव्हरसकट. कव्हर का, ते पुढे येतंय.
- दुसऱ्या कुणाचा तरी फोन किंवा लॅपटॉप, दोष नेमका कुठे आहे ते ठरवायला.
- आधीपासून डाउनलोड केलेली, तुम्हाला तोंडपाठ असलेली चार-पाच गाणी आणि एखादं भाषण किंवा बातमीपत्र. दुकानात नेटवर्क मिळेलच असं नाही.
- केमिस्टकडे मिळणारे स्पिरिटचे स्वॅब.
- एक कोरा, मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक.
- जुन्या इअरफोनची वेगवेगळ्या मापांची रबरं. टाकून देऊ नका, तीच पुढे कामाला येतात.
- कागदपत्रं म्हणाल तर जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, एमआरपीचं स्टिकर लागलेला खोका, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि पाकीट फोडतानाचा सलग व्हिडिओ.

१. आधी फोनचं भोक बघा

फोनला ३.५ मिलिमीटरचं गोल भोक असेल तर निम्मं काम झालं. इअरफोनच्या पिनेवरचे काळे पट्टे तेवढे मोजा. तीन पट्टे असतील तर माइक आहे, दोनच असतील तर नाही. माइक नसलेलीही आवृत्ती असते आणि ती थोडी स्वस्त पडते. फोनवर बोलायचं असेल तर घेताना हे बघायचं राहू देऊ नका.

गोल भोक नसेल, फक्त टाइप-सी असेल, तर खरा घोळ इथे आहे. टाइप-सी ते ३.५ चे कनेक्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा जोडलेल्या असतात. दुसऱ्यात डॅक नावाची बारीक चिप असते, जी फोनमधून येणाऱ्या डिजिटल माहितीचा आवाज करते. नुसत्या तारांचा कनेक्टर फक्त अशाच फोनवर चालतो जो टाइप-सीमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर सोडतो, आणि आजकालचे बहुतेक फोन तसा सोडत नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून पाकिटावर 'डॅक' लिहिलंय का ते बघा आणि काउंटरवर स्वतःच्या फोनला लावून आवाज आल्याशिवाय पैसे देऊ नका.

अ‍ॅपलचा छोटा टाइप-सी डॅक किमतीच्या मानाने उत्तम आहे. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो. फोन त्याचा व्हॉल्यूम पूर्ण वर नेत नाही, हे त्याचं कारण. अँड्रॉइडवाल्यांनी दुसरा कुठलाही डॅक बघावा. आयफोन १५ पासून पुढे टाइप-सी आहे, तिथे तो व्यवस्थित चालतो. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंगचा कनेक्टर लागेल.

आणखी एक खोच. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या काही फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'ओटीजी' (फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय) चालू करावं लागतं आणि काही वेळ काही जोडलं नाही, की ते आपोआप बंद होतं. सकाळी चाललेला कनेक्टर संध्याकाळी मेला, असं वाटलं तर आधी तिथे डोकवा.

२. किती पैशांत काय मिळतं

आकडे ढोबळ आहेत, रोज बदलतात.

पन्नास ते दीडशे रुपये : लोकलमध्ये, स्टेशनबाहेर, सबवेत मिळणारा माल. लेडीज डब्यात टिकल्या, क्लिपा आणि पिनांच्या कार्डासोबत जे पाकीट मांडीवर येऊन पडतं, तेच. पाकिटावर मोठ्या कंपनीचं नाव असलं तरी ती कॉपीच असते. बोलण्यासाठी, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज ऐकण्यासाठी ठीक. गाण्यासाठी नशिबाचा खेळ.

तीनशे ते सातशे : नावाजलेल्या कंपन्यांचे साधे इअरफोन. वॉरंटी मिळते, माइक बरा असतो. बेस बहुतेक वेळा मुद्दाम वाढवलेला असतो, कारण दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्याला तोच भावतो.

सहाशे-सातशे ते दोन हजार : खरी गंमत इथे आहे. केझेड, मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांचे 'आयईएम', म्हणजे वायर कानावरून मागे नेऊन घालायचे इअरफोन. स्टेजवरचे गायक-वादक घालतात त्या घडणीचे. मूनड्रॉपचा 'चू' २०२२ साली आला, त्याची वायर निघत नव्हती. २०२३ च्या 'चू २' मध्ये ती निघू लागली. मोडली की फक्त वायर बदला.

इतक्या कमी पैशांत हे कसं जमलं, याचं एक कारण सांगण्यासारखं आहे. संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन या ऑडिओ कंपनीत अनेक श्रोत्यांना बसवून, कुठला आवाज लोकांना आवडतो याच्या चाचण्या घेतल्या आणि त्यातून एक आलेख जाहीर झाला. बेस किती, मधले स्वर किती, ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण स्वर) किती याचा तो नकाशाच. इअरफोन मोजायची यंत्रंही स्वस्त झाली. मग छोट्या कंपनीलाही तो आलेख समोर ठेवून एका साध्या डायनॅमिक ड्रायव्हरमधून, म्हणजे आतल्या इवल्याशा स्पीकरमधून, चांगला आवाज काढता येऊ लागला.

म्हणूनच खोक्यावरच्या मोठ्या शब्दांना भुलू नका. 'ड्युअल ड्रायव्हर', 'फोर ड्रायव्हर' म्हणजे दुप्पट-चौपट चांगलं असं नाही. नीट जुळवलेला एक ड्रायव्हर न जुळवलेल्या चारांना भारी पडतो. 'हाय-रेझ'चं सोनेरी चिन्ह ४० किलोहर्ट्झपर्यंतचे वरचे सूर काढण्याच्या क्षमतेशी संबंधित आहे. माणसाचा कान तरुणपणीही २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. आणि ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) आकडा १६ ते ३२ असेल तर कुठल्याही फोनवर चालेल, त्यापलीकडे त्यात डोकं घालायची गरज नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत : हजाराच्या आतबाहेरचा, वायर निघणारा, एका ड्रायव्हरचा आयईएम. कानात काही खुपसून घेणं सहनच होत नसेल, तर जुन्या पद्धतीचे कानाच्या तोंडाशी टेकणारे चपटे इअरबड घ्या. फक्त लोकलमध्ये त्यातून गाण्यापेक्षा खडखडाट जास्त ऐकू येईल.

३. मुंबईत कुठे घ्यायचे

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही क्षणभर थांबेल. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. कनेक्टर, वायरी, डॅक, सोल्डरिंगचं सामान यासाठी याच्यासारखी जागा नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे सुट्टीचा बेत आखू नका.

क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट स्वस्त आहे आणि तिथे घासाघीस चालते. पण अस्सल आणि कॉपी शेजारीशेजारी असतात. हाजी अलीचं हिरा पन्ना आणि पार्ल्याच्या इर्ल्यातली दुकानं इंपोर्टेड मालासाठी जुनी प्रसिद्ध. तिथेही बिलाचा आग्रह धरा.

चिनी आयईएम मात्र यातल्या बहुतेक काउंटरवर सापडत नाहीत. ते ऑनलाइनच घ्यावे लागतात. अलीएक्सप्रेसवर भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली, त्यामुळे थेट चीनमधून मागवायचा तो रस्ता बंद झाला. आता भारतातल्या विक्रेत्यांकडून घ्यायचे आणि घेण्याआधी परतीचे नियम वाचायचे. कानात घालायची वस्तू म्हणून काही विक्रेते पैसे परत करत नाहीत, फक्त बदलून देतात, तेही सदोष असेल तरच. सात दिवस की दहा, हे ऑर्डर देण्याआधीच बघून ठेवा.

राहिली घराजवळची स्टेशनबाहेरची मोबाइल-अ‍ॅक्सेसरीची दुकानं. साध्या इअरफोनसाठी मला तीच सगळ्यात सोयीची वाटतात. दुकानदार ओळखीचा असतो आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन उभं राहता येतं. मनीष मार्केटमधून डोंबिवलीला आणलेला मुका इअरफोन कोण परत न्यायला जातंय!

४. काउंटरवर

'चेकिंग वॉरंटी' हा शब्द नीट समजून घ्या. त्याचा अर्थ, इथे उभं राहून तपासा, पायरी उतरलात की आमचा संबंध संपला. ट्रेनमधल्या मालाला तीही नसते. म्हणून तपासल्याशिवाय हलायचं नाही.

डेमोचा जो इअरफोन काढून देतात तो दिवसभर किती कानांत गेलेला असतो याचा विचार करा. स्वॅबने पुसा किंवा स्वतःचं रबर चढवून ऐका. दुकानदार हसला तर हसू दे. आणि डेमो ऐकून सीलबंद खोका घेत असाल, तर खोक्यातली जोडी तिथेच उघडून लावून बघा. डेमोची जोडी चांगली होती याचा तुमच्या जोडीशी काही संबंध नाही.

लावून बघायचं ते असं :

पिन टक्क आवाज येईपर्यंत आत गेली पाहिजे. जाड कव्हर असेल तर पिनेचा प्लास्टिकचा भाग कव्हरला अडतो आणि पिन केसभर बाहेर राहते. मग एक विचित्र प्रकार होतो. वाद्यं ऐकू येतात, लांबून, पोकळ. गाणारा मात्र गायब! अर्थिंगचा संपर्क सुटला, की डाव्या आणि उजव्या बाजूला जे समान असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि गायकाचा आवाज दोन्हींकडे समानच असतो. हा प्रकार ज्याने कधी ऐकला नाही तो शपथेवर सांगेल की इअरफोन बाद आहे. कव्हर काढा, पिन दाबा, गायक परत येतो.

तरी येत नसेल तर फोनच्या भोकात खिशातला, पर्समधला कापसाचा गोळा साचलाय का ते बघा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद उकरा. सुई किंवा सेफ्टीपिन घालू नका.

मग गाणं चालू ठेवून वायर तीन ठिकाणी हलवा : पिनेपाशी, जिथे दोन वायरी फुटतात तिथे, आणि कानात जाणाऱ्या डबीपाशी. खर्र झालं किंवा एक बाजू गेली-आली, तर लूज कॉन्टॅक्ट आहे. दुसरा पीस मागा. माइकसाठी व्हॉइस रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोलून लगेच ऐका.

खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असायला हवा. पॅकबंद वस्तूंसाठीचे २०११ चे वैधमापन नियम तसं सांगतात. हे स्टिकरच नसेल तर वॉरंटी कार्ड कितीही चकचकीत असो, ते शोभेचं.

५. कानात बसवणं

या पायरीला घाई करू नका. अर्धा तास द्या.

खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची रबरं येतात. मधलं आधीच लावलेलं असतं आणि बहुतेक लोक आयुष्यभर तेच वापरतात. कान काही कारखान्यात घडलेले नसतात. एकाच माणसाचे दोन कानही एका मापाचे असतील असं नाही. डाव्यात मध्यम आणि उजव्यात मोठं, यात काही वावगं नाही.

घालायची रीत : डावा इअरफोन डाव्या हातात घ्या. उजवा हात डोक्यामागून नेऊन डाव्या कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. इअरफोन आत सरकवून थोडा फिरवा. पाळी सोडा. बाहेरचा गोंगाट एकदम खाली गेला आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटलं, तर रबर बसलं. घालताना आत कट्-कट् असा बारीक आवाज आला तर घाबरू नका. अडकलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा दबतो त्याचा तो आवाज. हळू घाला.

बसलंय की नाही याची पक्की परीक्षा : बेस असलेलं गाणं लावा आणि इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर हवा बाहेर जात होती. मोठं रबर लावा. दाबूनही फरक पडला नाही, तर बरोबर आहे. मोठ्या रबराने कान दुखत असेल, तर उगाच सहन करू नका. एक माप खाली या पण थोडं खोल घाला.

खोक्यातलं कुठलंच माप जमलं नाही, तर जुनी जमवलेली रबरं लावून बघा. तीही नाही जमली तर फोमची मिळतात. बोटांत चुरगाळून बारीक करायची, पटकन आत घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. गोंगाट सगळ्यात चांगला तीच अडवतात. ट्रेबल मात्र किंचित मऊ होतो आणि आपल्या घामाच्या हवेत फोम लवकर खराब होतो, हा खर्च धरून चाला. रबरं घेताना भोकाचं माप बघा; आयईएमची नळी, म्हणजे रबर जिच्यावर चढतं ती, साध्या इअरफोनपेक्षा बरीचदा जाड असते, घट्ट रबर चढवताना फाटतं.

आयईएमची वायर कानाच्या वरून मागे न्यायची असते. डबीवर डावा-उजवा बारीक लिहिलेला असतो; काहींवर रंगाचा ठिपका असतो, लाल म्हणजे उजवा. उलटा घातला तर तो बसतच नाही. चष्मा असेल तर आधी इअरफोन, मग चष्मा. नाहीतर चष्मा काढताना वायर ओढून इअरफोन बाहेर. कानाच्या वरच्या बाजूला बाळी असेल तर वायरीचा ताठ वळसा तिथे घासतो. तो थोडा उघडून सैल करा. मंगळसूत्र, ओढणी आणि पर्सचा पट्टा या तिघांच्या तावडीतून वायर सोडवायची तर ती पाठीमागून, कुडत्याच्या आतून घ्या. वायरीवर सरकणारा मणी असेल तर तो हनुवटीखाली ओढा.

सरळ लोंबणाऱ्या साध्या इअरफोनची वायरही कानावरून नेता येते. चालताना वायर कपड्याला घासली, की जो ठप्-ठप् आवाज कानात येतो तो याने बराच कमी होतो. शंभर रुपयांच्या इअरफोनची सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि फुकट.

६. ऐकून पारखणं

घरात, पंखा बंद करून. फोनमधलं डॉल्बी, 'बेस बूस्ट', इक्वलायझर, आवाज बदलणारं सगळं बंद. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये डाव्या-उजव्याचा तोल मधोमध आहे ना आणि 'मोनो' बंद आहे ना, तेही बघा. घरातल्या पोरांनी ते केव्हा सरकवलं असेल सांगता येत नाही.

आधी एकट्या माणसाचा आवाज. बातम्या, कीर्तन, व्याख्यान, काहीही. बोलणारा डोक्याच्या बरोबर मधोमध वाटला पाहिजे. एका बाजूला सरकला असेल तर इअरफोन उलटसुलट करा, डावा उजव्या कानात (आयईएम उलटा बसत नाही, तो हाताने धरून ऐका). आवाज त्याच कानात बारीक राहिला तर दोष कानाचा किंवा रबराचा आहे. बारीकपणा दुसऱ्या कानात गेला तर इअरफोन किंवा फोन. मग दुसऱ्या फोनवर लावून बघितलं की कोण गुन्हेगार ते कळतं.

मग तबला. साध्या, संथ लयीतली कुठलीही शास्त्रीय बैठक चालेल. डग्ग्यावर हात दाबून तळहात सरकवला की जो घुमारा वर चढतो, तो चढताना ऐकू येतोय का? चढ ऐकू आला तर बेस चांगला. नुसतं 'धप्' आलं आणि पुढचा सूर गिळला गेला, तर बेस भरपूर आहे पण मातीसारखा. काहीच आलं नाही तर पाचव्या पायरीवर परत जा.

टाळ ही स्वस्त इअरफोनची कठीण परीक्षा. वारकरी भजनाचं एखादं रेकॉर्डिंग घ्या, जिथे दहा-पंधरा टाळ एकदम वाजतात. चांगल्या जोडीत त्यांची किणकिण सुटी सुटी ऐकू येते. वाईट जोडीत सगळ्याचा मिळून एक 'स्सss' होतो, प्रेशर कुकरसारखा. त्याच जोडीत गाण्यातले 'स' आणि 'श' टोचतात. हा ट्रेबलचा काटा आयईएममध्येही सापडतो आणि तासाभराने डोकं चढतं. पहिल्या पाच मिनिटांत तोच काटा 'काय स्पष्ट आवाज आहे!' असा भासतो, म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका.

शेवटी तानपुरा, एकटा. आवाज कमी ठेवून ऐका. कुठे खरखर, झिणझिण, चिलटासारखी गुणगुण येते का? सतत वाजणाऱ्या सुरात बारीक दोष लपत नाहीत.

दोन जोड्या शेजारी ठेवून निवडत असाल तर दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणा. एकाच व्हॉल्यूमवर एक जोडी मोठी वाजते, एक बारीक. आणि कानाला मोठी वाजणारी नेहमी चांगली वाटते. तुलना तिथेच फसते.

७. ठेवायचे की परत करायचे

'अजून पन्नास तास वाजवा, मग आवाज खुलेल', असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. विक्रेत्याने सांगितलं तर विशेष सावध व्हा, कारण तितके तास होईपर्यंत परतीची मुदत उलटलेली असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत न आवडलेली जोडी पुढे आवडू लागते ती बहुधा कान सरावतो म्हणून. एक बाजू बारीक, खरखर, लूज कॉन्टॅक्ट हे दोष तर कितीही वाजवून जात नाहीत. मुदतीच्या आत परत.

दोष नाही पण चव पटत नाही, बेस जास्त आहे किंवा ट्रेबल टोचतोय, तर फोनच्या इक्वलायझरमध्ये तो पट्टा थोडा खाली घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप आहे. त्यात अनेक मॉडेलांसाठी तयार दुरुस्त्या आहेत. आपलं मॉडेल शोधायचं आणि लावायची. वर ढकलण्यापेक्षा खाली ओढणं बरं, आवाज फाटत नाही.

ऑनलाइन परत पाठवताना मूळ रबरं, पिशवी, कार्ड सगळं परत जावं लागतं. पाकीट फोडतानाच्या व्हिडिओत शिपिंगचं लेबल आणि सील दोन्ही दिसू देत. एका विक्रेत्याने 'एक रबर कमी आहे' म्हणून माझं पार्सल परत धाडलं होतं. व्हिडिओ दाखवल्यावर गप्प बसला. विक्रेता दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल हातात घेऊनच फोन करा, पहिला प्रश्न त्याचाच येतो.

८. लोकल, घाम आणि पाऊस

गाडीच्या खडखडाटावर मात करायला व्हॉल्यूम चढवत जाणं हा सगळ्यात घातक प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरतात. ९० डेसिबलवर तेच ४ तासांवर येतं. म्हणजे रोज जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास असेल, तर मंगळवारीच आठवडा संपला. रबर नीट बसलेलं असलं की बाहेरचा गोंगाट आपोआप अडतो आणि व्हॉल्यूम निम्म्यावर पुरतो. घरी शांततेत जो व्हॉल्यूम आवडला त्याच्यापेक्षा फारतर दोन टप्पे वर. त्याहून जास्त लागत असेल तर रबर बदला. आणि प्लॅटफॉर्मवर, रस्ता ओलांडताना, गाडीत चढता-उतरताना दोन्ही कान मोकळे. इतके चांगले बसलेले इअरफोन घातल्यावर मागून येणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा खरंच ऐकू येत नाही.

फोनभोवती वायर करकचून गुंडाळली, की पिनेपाशी आतली तार तुटते. चार बोटांवर सैल गुंडाळा आणि छोट्या डबीत ठेवा. फोन पर्समध्ये उभा राहत असेल तर काटकोनातली पिन घ्या, तिच्यावर ताण कमी पडतो. शंभर रुपयांची जोडी तुटली तर दुरुस्तीला देऊ नका, सोल्डरिंगचेच तेवढे पैसे होतील. निघणारी वायर असेल तर नवी वायर घ्या, पण डबीत जाणाऱ्या बारीक पिनांचं माप तपासून : ०.७५ आणि ०.७८ मिलिमीटर ही दोन मापं दिसायला एक आहेत. ०.७५ च्या भोकात ०.७८ दाबून घातली तर डबी तडकू शकते.

एसी लोकलमधून घामाघूम प्लॅटफॉर्मवर उतरलात आणि एका बाजूचा आवाज अचानक बारीक झाला, तर लगेच नवे इअरफोन शोधायला लागू नका. नळीच्या तोंडावरच्या बारीक जाळीवर दमटपणा धरतो आणि ती बुजते. रबर काढा, नळी टिश्यूवर उलटी टेकवून ठेवा आणि रात्रभर सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत टाका. बुटांच्या खोक्यात, पर्सच्या आत त्या पुड्या सापडतात. बहुतेक वेळा सकाळी आवाज परत आलेला असतो. हेअर ड्रायर मारू नका, आतला गोंद सुटतो.

जाळीवर कानातला मळ धरला तरीही हेच होतं. तेव्हा इअरफोन उलटा, जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या ब्रशने खालून झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. स्पिरिट जाळीवर नको, फक्त रबरांना. रबरं काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका. पावसाळ्यात त्याला पंख्याखालीही रात्र लागते.